सुनीती खुर्चीवर बसली

सुनीती बोकील आणि मी पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायचो. बाक दोघींचा होता. वर्गात नवी मुलगी आली की बाई म्हणायच्या, सरका गं जरा, आणि सरकायची ती सुनीतीच. वर्षाच्या शेवटी तिचं अर्धं अंग बाकाबाहेर असायचं. तक्रार नाही, काही नाही. मी तिला तेव्हाही बोलायचे आणि आता पासष्टीतही बोलते, पण स्वभावाला औषध नाही असं म्हणतात ते खरंच. निदान २०१८ सालापर्यंत मला ते खरं वाटत होतं.

तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीनं पुण्याहून दिल्लीत आलेले. शाळेत इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं, आणि ते बाईंनी चालत चालत शिकवलं. म्हणजे अक्षरशः. 'मी दाराकडे जात आहे' हे इंग्रजीत म्हणायचं आणि दाराकडे जायचं. 'मी खिडकी उघडत आहे' म्हणायचं आणि उघडायची. जानेवारीतल्या थंडीत सुद्धा. त्यामुळे आमच्या वर्गाला सर्दी पुष्कळ झाली, पण ती वाक्यं कुणी विसरलं नाही.

पुढे सुनीती एका मंत्रालयात टपाल नोंदणीच्या विभागात लागली आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली. आलेलं पत्र वहीत चढवायचं, नंबर घालायचा, फाइल साहेबांकडे न्यायची, सही होईपर्यंत समोर उभं राहायचं. साहेबांच्या टेबलापुढे तीन खुर्च्या असायच्या. साहेब बदलले, टेबल बदललं, खुर्च्या दोनदा नव्या आल्या. सुनीती उभीच. कुणी बसू नका म्हणालं नव्हतं, तसं कुणी बसाही म्हणालं नव्हतं. आणि न सांगता बसायचं हे आमच्या पिढीतल्या मुलींना ना घरी शिकवलं, ना शाळेत. उजवा गुडघा तिथेच गेला तिचा, असं डॉक्टर नाही म्हणाले, मी म्हणते.

निवृत्तीनंतर ती फरीदाबादला मुलाकडे राहायला गेली. तिथल्या महाराष्ट्र मंडळातले श्यामकांत हे एका कारखान्यात पर्सोनेलचे मुख्य. प्लास्टिकचे डबे, झाकणं, असला माल काढणारा कारखाना. त्यांनी चीनमधून यंत्रं आणली आणि यंत्रांबरोबर सहा माणसं आली, पाच पुरुष आणि एक बाई. इथल्या कामगारांना शिकवायचं तर या सहाजणांना कामापुरतं इंग्रजी यायला हवं. तीन महिन्यांनी परीक्षा. पास होईल तो राहील, नापास होईल तो परत. गुडगावच्या एजन्सीनं शिकवायला दोन तरुण पाठवले होते, ते इतकं भरभर बोलायचे की श्यामकांतनाच कळायचं नाही. शेवटी ते सुनीतीच्या घरी येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही हळू बोलता. शनिवारी याल का?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, तुम्ही? तुम्ही तर मराठी मीडियम."

"हो," सुनीती म्हणाली, "त्यांचं तरी कुठं इंग्लिश मीडियम आहे."

मग मला फोन. "नीले, तू चल. सामान धरायला कुणीतरी हवं."

मी द्वारकेहून निघायचे. शनिवार म्हणून आधी मारुतीला तेल, मग मेट्रो, मंडी हाऊसला गाडी बदलायची आणि थेट फरीदाबाद. दीड तास सहज. पण घरी बसून तरी काय करत होते.

त्या सहाजणांतली बाई म्हणजे फांग. पस्तिशीची असेल, केस पुरुषासारखे कापलेले, चालणं झपाझप. पहिल्याच दिवशी तिनं एक वही पुढे केली. त्यात एकच इंग्रजी क्रियापद, टेक, आणि त्याचे सत्तेचाळीस अर्थ. प्रत्येकापुढे मुंगीसारख्या चिनी अक्षरांत खुलासा. कुठल्याशा कोशातून रात्री जागून उतरवलेले. ते तिला आकड्यांनी पाठ होते. सुनीतीनं पाण्याचा पेला पुढे करून म्हटलं, "टेक." फांग छताकडे बघत राहिली. अकरावा की एकोणिसावा, ते मनात शोधत होती. पेला धरून सुनीतीचा हात अवघडला.

सुनीतीनं ती वही घेतली, माझ्या पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, "चेन लाव."

मग तिनं आमच्या बाईंचं इंग्रजी बाहेर काढलं. पुढच्या शनिवारपासून माझ्या पिशवीत औषधाची पट्टी, छत्री, मेट्रोचं कार्ड, मोजपट्टी, थर्मास असलं काहीबाही असायचं. गोळी तोंडात टाकायची आणि टेकचं वाक्य म्हणायचं. चपला काढायच्या आणि म्हणायचं. मोजपट्टीनं टेबलाचं माप घ्यायचं आणि म्हणायचं. फोटो, रजा, फोनवरचा निरोप, विश्रांती, सगळं तसंच. पाच बाप्ये आणि एक बाई वर्गभर फिरतायत, आणि मध्ये सुनीती गुडघा चोळत उभी, असा तो वर्ग. काचेपलीकडून जाणारे कामगार हसायचे. हसू देत.

फांगची अडचण वेगळीच होती. ती म्हणाली, आमच्याकडे इतक्या कामांना एक शब्द कसा चालेल? आम्ही औषध खातो. बसमध्ये आम्ही बसतो, ती घेत नाही. फोटो आम्ही मारतो.

"औषध खाता?" सुनीती मला म्हणाली, "म्हणजे आपल्या दिल्लीवाल्यांसारखंच की. दवाई खा ली क्या." मग मराठीतच माझ्याशी बोलत बसली. "आपल्या 'घे'चं तरी काय गं? श्वास घेतो, नाव घेतो, मनावर घेतो, एकाचं भांडण दुसऱ्यानं अंगावर घेतो. आपल्याला कुणी यादी दिली होती का? आईनं हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली घे. तिथून सुरू झालं."

तिसऱ्या महिन्यात फांग वर्गात यायची ती गरम पाण्याची बाटली घेऊनच. सुनीतीच्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "टीचर, टेक मेडिसिन." पाणी प्यायलं, गोळी घेतली, हे बघितल्याशिवाय वही उघडायची नाही. सुनीतीची सून इतकं करत नव्हती. हे मी लिहिते आहे ते तिनं वाचलं तर वाचू दे.

फांगचं काय पणाला लागलं होतं ते तिनं आम्हाला एकदा मोबाइलवर दाखवलं. एका फोटोत लांब टेबल, डोक्यावर टोप्या घातलेल्या बायका खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतायत. त्यातली चौथी ती. अकरा वर्षं. दुसरा फोटो इथला. चौदा मुली, कुणी पलवलची, कुणी बिहारची, आणि मध्ये फांग, गळ्यात लाल पट्टीचं ओळखपत्र. लाइनची मुख्य. पहिल्या फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, "नो." दुसऱ्यावर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

परीक्षा घ्यायला गुडगावच्या त्याच एजन्सीचा माणूस आला. उल्हास नाव, आडनाव ऐकून कळलं की आपल्यातलाच. जन्म दिल्लीचा, तिशीच्या आतला. "अच्छा, तुम्ही पण महाराष्ट्रीयन? क्या बात है," म्हणाला. पण सुनीतीनं कुठं शिकलात याचं उत्तर दिलं तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला. "मराठी मीडियम. ओके. चलो, बघू या."

काचेची छोटी खोली होती. आत टेबल आणि तीन खुर्च्या. एकीवर उल्हास, एक परीक्षा देणाऱ्याला, तिसरीवर उल्हासची बॅग. शिकवणाऱ्यानं हजर राहून शेवटी कागदावर सही करायची असा नियम होता, म्हणून सुनीती आत गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी बाहेर बाकावर, दार अर्धं उघडं. पाचही पुरुष एकेक करून गेले. उल्हास म्हणायचा, "टेक अ सीट," ते बसायचे, पुढचं व्हायचं. पाचही पास. तोवर तास होऊन गेला होता. काचेतून मला दिसत होतं, सुनीती कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत होती.

शेवटी फांग गेली. उल्हास म्हणाला, "टेक अ सीट."

फांग उभी.

त्यानं पुन्हा म्हटलं, सावकाश. मग मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, खुर्चीकडे बोट करून. फांगनं त्याच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि उभीच राहिली. तिचे कान लाल झालेले मला बाहेरून दिसले. उल्हासनं आणखी थोडं थांबून फाइल मिटली.

"सॉरी आंटी, पहिलीच इन्स्ट्रक्शन नाही कळली. पुढे काय विचारणार मी?"

"तिला कळतं," सुनीती म्हणाली. "तिला टेकचे सत्तेचाळीस अर्थ येतात."

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना. सत्तेचाळीस येतात आणि बसता येत नाही. तुम्ही साइन करा."

"मी सही करणार नाही."

"न केलीत तरी रिझल्ट तोच राहणार."

"राहू दे. त्याच्याखाली माझं नाव नसेल."

तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आली. इतक्या वर्षांत तिनं कुणाला सही नाकारलेली मी ऐकली नव्हती.

कॅंटीनमध्ये चहा पुढ्यात घेऊन सुनीती फांगला रागावली. इंग्रजी, हिंदी, मधूनच मराठी. का बसली नाहीस? तीन महिने आपण काय केलं? हा मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारचं विमान आहे तुझं, ठाऊक आहे ना?

फांगनं कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाली, "टीचर स्टँड. आय सिट. हाऊ?"

आणि टेबलाखाली वाकून तिनं सुनीतीच्या उजव्या गुडघ्याला एक बोट लावलं.

सुनीतीनं गुडघ्यावर हात ठेवला. गुरू उभे असताना आपण बसायचं नाही, हे आम्हाला कुणी सांगायला हवं होतं का? शाळेत बाई वर्गात आल्या की त्या बसेपर्यंत आम्ही ताठ उभ्या. आणि ही पोरगी ते खोलीत बोलूही शकली नाही. बोलली असती तर माझ्या टीचरला कुणी खुर्ची दिली नाही असं चारचौघांत म्हटल्यासारखं झालं असतं. तिनं तेवढी आमची लाज राखली.

सुनीती म्हणाली, "पुढच्या वेळी मी उभी असले तरी तू बसायचं."

"नो."

"फांग, मी सांगते आहे."

"नो, टीचर. आय गो होम, ओके. बट नो."

"बघ, किती हट्टी आहे," सुनीती मला म्हणाली. आवाजात राग होता, पण पदर डोळ्यांना गेला.

पुढची वेळ मुळात होतीच कुठं? फेरपरीक्षेची तरतूद नाही, असं उल्हासनं श्यामकांतना कळवलं होतं, आणि श्यामकांत म्हणाले होते, "वहिनी, जाऊ द्या. पाच पास झाले, एजन्सीशी कशाला वाकडं घ्यायचं?"

श्यामकांत एक विसरले. सुनीतीला इंग्रजी किती येतं यावर कुणी वाद घालावा, पण सरकारी कागद कसा हलतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला आणि जेवणाच्या टेबलावर अर्ज लिहायला बसली. इंग्रजी साधं, पाचवीतल्या बाईंनी शिकवलेलं, एका वाक्यात एकच गोष्ट. परीक्षेच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. तिसऱ्या खुर्चीवर बॅग होती. शिक्षिका एक तास पाच मिनिटं उभी होती. विद्यार्थिनी शिक्षिकेपुढे बसली नाही. हे तिचं इंग्रजी नव्हे, हे तिचं वळण आहे. विद्यार्थिनीची परीक्षा झालेली नाही. ती घ्यावी. वर जावक क्रमांक, स्वतःच्याच वहीतला पहिला. अर्ज श्यामकांतांच्या नावे, खाली प्रती माहितीसाठी: कारखान्याचे मालक, चीनच्या कंपनीचा इथला मुख्य, एजन्सीचा गुडगावचा संचालक.

"अगं, इतक्या प्रती कशाला?" मी फोनवर विचारलं.

"एक प्रत गेली की ती टेबलाच्या खणात जाते. चार गेल्या की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं वाचली असेल, आपण दाबली तर अंगाशी येईल."

सोमवारी रिक्षा करून ती स्वतः गेली आणि प्रत्येक ठिकाणी शिक्क्यानिशी पोच घेतली. गुडगावला रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, आंटी, हमारे यहां स्टँप नहीं होता. सुनीती म्हणाली, तो साइन कर दो बेटा, तारीख के साथ, मैं रुकती हूं. आणि पोच मिळेपर्यंत थांबली.

गुरुवारी श्यामकांतांचा फोन आला. शनिवारी फेरपरीक्षा. विमान त्यानंतरच्या मंगळवारचं.

शनिवारी मी मारुतीला तेल वाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं जास्तच उभी राहिले. स्वतःसाठी मी देवाकडे सहसा मागत नाही. दुसऱ्यासाठी मागायला लाज कसली.

सुनीती स्टेशनच्या बाहेर भेटली. कडक इस्त्रीची साडी, ऑफिसात पहिल्या तारखेला नेसायची तशी. तीच काचेची खोली. तीन खुर्च्या. उल्हास आधीच बसलेला, मोबाइलमध्ये डोकं, आणि तिसऱ्या खुर्चीवर पुन्हा ती बॅग. मुद्दाम नव्हे हो. त्याच्या मनातच नव्हतं. अर्ज वाचून सुद्धा नव्हतं.

सुनीती दारात थांबली. मला तिचा शाळेतला बाक आठवला. आता ही सरकेल, म्हणेल असू दे, भिंत आहे की. तिच्या मागे फांग, हात पुढे जोडून, खाली बघत. ती काही झालं तरी बसणार नव्हती.

सुनीती आत गेली. दोन्ही हातांनी ती बॅग उचलली, उल्हासच्या मोबाइलपुढे टेबलावर ठेवली, खुर्ची मागे ओढली आणि बसली. आवाज करून बसली.

"आंटी, ती बॅग..."

"आंटी नको म्हणू, बाई म्हण. मी शिकवते." तिनं पदर सारखा केला. "आता विचार तिला."

उल्हास बॅगेमागून डोकावून म्हणाला, "टेक अ सीट."

शब्द संपायच्या आत फांग बसली होती.

पुढची वीस मिनिटं मी काचेला चिकटून होते. पेन घे. नंबर उतरवून घे. ओळखपत्र काढ. यंत्र थांबलं तर काय करशील, मुलीचं बोट कापलं तर काय करशील. शेवटच्याला फांगनं उत्तर तोंडानं दिलंच, शिवाय उठून कोपऱ्यातल्या प्रथमोपचाराच्या पेटीशी जाऊन ती उतरवून आणली आणि उल्हासचा हात धरून त्याच्या बोटाला पट्टी बांधायला लागली. तो म्हणाला, बस बस, समजलं. पण तिनं गाठ मारल्यावरच सोडलं. आमच्या बाईंच्या इंग्रजीत अर्ध्यावर थांबत नाहीत.

त्यानं बेरीज केली. पट्टीच्या बोटानं पेन धरायला त्याला त्रास होत होता. पन्नासातले त्रेचाळीस. पाचही पुरुषांपेक्षा जास्त.

"काकू," तो म्हणाला. आंटीवरून काकूवर आला होता. "त्या दिवशी तुम्ही सांगायचं ना यार, खुर्ची मागायची. मी काय नाही म्हटलं असतं?"

"मागितली नाही ही माझी चूक," सुनीती म्हणाली. "छत्तीस वर्षं तीच केली. पण दिली नाहीस ही तुझी. घरी आजी आली तर बॅग खुर्चीवर ठेवतोस का रे?"

त्यानं बॅग टेबलावरून उचलून खाली जमिनीवर ठेवली. मग कागद पुढे केला. "आता तरी साइन कराल?"

सुनीतीनं सही केली. शेजारी शेऱ्याची जागा होती, ती उल्हासनं पाचही कागदांवर रिकामी सोडली होती. तिनं तिथे सावकाश लिहिलं: पहिल्या परीक्षेच्या वेळी शिक्षिकेला खुर्ची दिली नव्हती.

"काकू, हे रेकॉर्डवर जाईल."

"म्हणूनच लिहिलं."

तेवढ्यात श्यामकांत घाईघाईनं आले, मागे कारखान्याचे मालक. फांग ताडकन उठू लागली. आणि मी पाहिलं, सुनीतीचाही हात खुर्चीच्या दांडीवर गेला. अंगात मुरलेलं असतं ते. साहेब आले की उठायचं. दांडीवर बोटं घट्ट झाली, गुडघा जरासा उचलला गेला, आणि मी मनात मारुतीचं नाव घेतलं.

ती उठली नाही. दांडीवरचा हात काढून तिनं तो फांगच्या मनगटावर ठेवला आणि तिला खाली बसवलं.

"नमस्कार, श्यामकांतराव," ती बसल्या बसल्या म्हणाली. "फांग पास झाली. तुम्हालाही बसा म्हटलं असतं, पण खुर्च्या तीनच आहेत. आणखी दोन मागवून घ्या ना."

श्यामकांत मालकांकडे बघत राहिले, मालक खुर्च्यांकडे. मग मालक स्वतःच दाराशी येऊन मला म्हणाले, "मॅडम, जरा रास्ता दीजिए," आणि बाहेरून कुणाला तरी खुर्च्या आणायला सांगितलं. तीन सांगितल्या. तिसरी माझ्यासाठी.